बी कुठल्या रानातलं?

पनवेल परिसरात वृक्षलागवडीची बैठक असली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचे दिवस गेले. आता आपण करंज, ताम्हण, कदंब, साग, बकुळ लावतो. जात देशी आहे, मग तिचं बी कुठल्या रानातलं याची चौकशी करत बसणं म्हणजे चांगल्या कामात खोडा घालणं. हल्ली या म्हणण्याला नवी जोड मिळाली आहे. हवामान बदलतंय, ऊन वाढतंय, तेव्हा दूरच्या, जास्त तापणाऱ्या मुलखातलं बी आलेलं उलट बरंच. ते पुढच्या पन्नास वर्षांना तोंड द्यायला तयार असेल. असं बोलणारे लोक झाडांचे वैरी नाहीत. पदरचे पैसे घालून, रविवारची सुट्टी मोडून टेकडीवर पाण्याचे कॅन वाहणारे लोक त्यांत आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं आणि ते सविस्तर द्यायला हवं. हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि त्याची किंमत तीस-चाळीस वर्षांनी, आपण लावलेली झाडं ऐन भरात यायच्या वेळी मोजावी लागते.

मूळ मुद्दा आधी सांगतो. एका जातीची सगळी झाडं सारखी नसतात. साग घ्या. तो कोकणात आहे, डांगात आहे, मेळघाटात आणि आलापल्लीत आहे, दांडेलीला आहे, खाली केरळात निलंबूरला आहे. पनवेलला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मध्य भारतातल्या कोरड्या सागवनांत याचा तिसरा हिस्सा पाऊस झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. पूर्ण वाढलेलं एक झाड आयुष्यभरात अगणित बिया टाकतं आणि त्यांतून जेमतेम एखाद-दुसरं झाड मोठं होतं. बाकीची रोपं पहिल्या पावसात चिखलात कुजतात, पहिल्या उन्हाळ्यात करपतात, वणव्यात जातात, अळ्यांच्या तोंडी पडतात, मोठ्या झाडांच्या सावलीत खुरटतात. जे उरतं ते तिथल्या पावसाला, तिथल्या मातीला, तिथल्या किडीला पुरून उरलेलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे. त्यामुळे कर्नाळ्याच्या उतारावरचा साग आणि विदर्भातल्या एखाद्या खडकाळ माळावरचा साग नावाने एक असले तरी गुणाने एक राहिलेले नाहीत.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर पनवेलकरांना लांब जावं लागत नाही. कर्नाळा १९६८ साली पक्षी अभयारण्य झालं. लोक तिथे पक्षी बघायला जातात आणि सागाकडे कुणी वळून बघत नाही. पावसाच्या सुरुवातीला त्याची नवी पानं हातात घेऊन पाहावीत. कोवळ्या पानावर करड्या-काळपट अळ्या लागतात आणि बघता बघता मधली शीर तेवढी शिल्लक ठेवतात. पावसाळा सरता सरता दुसरी अळी येते. ती शिरांचं जाळं ठेवून मधला हिरवा गर खाते आणि पान उन्हात धरलं तर जाळीच्या कापडासारखं दिसतं. पण सगळ्याच झाडांची ही गत होत नाही. एकाच रानात काही झाडं शेजारच्या झाडांच्या आधी पालवतात. अळीची धाड पडेपर्यंत त्यांची पानं जून, राठ झालेली असतात. लवकर पालवणारे साग या अळीच्या तडाख्यातून बऱ्याच अंशी सुटतात, हे निलंबूरच्या सागवनांत केरळच्या वनसंशोधकांनी नोंदवलं आहे. पालवी कधी फुटावी हे बऱ्याच अंशी झाड जन्मतःच घेऊन येतं. आता विचार करा: ज्या मुलखात पाऊस वेगळ्या वेळी येतो आणि अळीही वेगळ्या वेळी येते, तिथे ठरलेलं पालवीचं वेळापत्रक घेऊन आलेलं रोप पनवेलच्या जूनमध्ये काय करणार? ते मरणार नाही. वर्षानुवर्षं खाल्लं जाईल, पुन्हा पालवेल, पुन्हा खाल्लं जाईल आणि खुरटेल. तीन वर्षांनी मोजणी करायला येणारा माणूस त्याच्यापुढे ‘जिवंत’ असं लिहून जाईल.

बी कुठलं हे विचारणं म्हणजे शहरी लोकांचा फाजील बारकावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी पनवेलच्याच खाडीकाठी जावं. उधाणाचं पाणी बांध फोडून शिरलं की भाताची जमीन खारावते. अशा जमिनीत इथले शेतकरी पूर्वापार काळा रत्ता, भुरा रत्ता असे भात लावत आले. खाऱ्या पाण्यात उभं राहणं त्या भातांना जमत होतं. कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे आणि खारपट्ट्यासाठी त्याने दिलेल्या वाणांना पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी नावं आहेत. इथून तासाभराच्या अंतरावर कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. त्याचे वाण वेगळे. तीस-चाळीस किलोमीटरमध्ये भाताचं बियाणं बदलतं आणि त्याबद्दल कुणीही भांडत नाही. ‘भात तो भात, कुठलंही बी टाका’ असं खारातल्या शेतकऱ्याला सांगून बघा. भात चार महिन्यांचं पीक आहे, चुकलं तर पुढच्या वर्षी बियाणं बदलता येतं. झाड शंभर वर्षांचं असतं. चार महिन्यांच्या पिकासाठी आपण जी काळजी घेतो ती शंभर वर्षांच्या झाडासाठी घ्यायची नाही, हा कुठला हिशेब?

यावर उत्तर येतं की हे सगळं थंड देशांचं शास्त्र आहे. पाइन, स्प्रूस, फर असल्या सूचिपर्णी झाडांवर तिकडे संशोधन झालं, बर्फ आणि थंडीच्या प्रश्नासाठी झालं. आपल्याला त्याचं काय? याचे दोन भाग आहेत आणि दोन्ही तपासून घेऊ.

पहिला भाग अर्धा खरा आहे. सूचिपर्णी झाडांवर सर्वांत जास्त काम झालं, कारण युरोप-अमेरिकेने लाकडासाठी तीच लाखो एकरांवर लावली आणि चुकाही त्यांच्यावरच केल्या. स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून पाइनचं बी मागवून लागवडी झाल्या. ती झाडं तिथल्या हिवाळ्याला टिकली नाहीत, वेडीवाकडी वाढली. पण माझ्या मते सगळ्यात मोठा धडा फ्रान्सचा आहे. नैऋत्य फ्रान्समध्ये, बोर्डोच्या दक्षिणेला, लांद नावाचा समुद्री पाइनच्या लागवडीचा विस्तीर्ण प्रदेश आहे. १९४०च्या दशकात तिथे भयंकर वणवे लागले. पुन्हा लागवड करायला स्थानिक बी पुरेना, म्हणून पोर्तुगालकडून आणलं. जात तीच. झाडंही झकास वाढली. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी कुणी मोजणी केली असती तर सगळं ठीक असाच शेरा पडला असता. मग जानेवारी १९८५ मध्ये कडाक्याची थंडी पडली, पारा उणे वीस अंशांच्या आसपास गेला आणि त्या परक्या बियाण्याची सुमारे तीस हजार हेक्टरवरची झाडं मेली. शेजारच्या स्थानिक बियाण्याच्या झाडांनी तीच थंडी बऱ्याच अंशी सोसली. तीस-चाळीस वर्षं चूक कुणालाही दिसली नव्हती.

लांदमध्ये थंडीने मारलं, पनवेलला थंडी मारणार नाही, हे मान्य. पण प्रत्येक ठिकाणाचा एक क्रूर ऋतू असतो आणि झाडाची परीक्षा सरासरी वर्षात होत नाही, त्या क्रूर वर्षात होते. आपल्याकडे तो क्रूरपणा दुहेरी आहे. चार महिने मुळं पाण्यात आणि पुढे सात-आठ महिने आभाळातून जवळजवळ थेंब नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस ज्यांनी पनवेल-कळंबोलीत काढला त्यांना आकडा सांगायची गरज नाही. तेवढ्या पावसात उतारावर उभं राहायचं आणि नंतरच्या मे महिन्यात त्याच कातळावर तग धरायचा, हे ज्या झाडाच्या वाडवडिलांनी केलं आहे ते आणि ज्याच्या वाडवडिलांनी यातलं काहीच पाहिलं नाही ते, दोघांना आपण एकाच दराने, एकाच यादीतून विकत घेतो आहोत.

दुसरा भाग, म्हणजे हे शास्त्र भारताचं नाही हे म्हणणं, सरळ खोटं आहे. हिमालयातल्या चीड पाइनमध्ये काही ठिकाणी खोडाचे तंतू पिळवटलेले असतात. अशा लाकडाची फळी वाकते, इमारतीला चालत नाही. एच. जी. चॅम्पियन हे वनाधिकारी १९२०च्या दशकात या पिळाच्या मागे लागले आणि तो दोष बियातून पुढच्या पिढीत उतरतो का, हे त्यांनी तपासलं. १९३३ साली त्यांनी वनलागवडीत बियाण्याच्या उगमाचं महत्त्व याच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तो भारताच्या वनखात्याच्या अधिकृत ग्रंथमालेत छापला गेला. त्याच दशकात सागाच्या वेगवेगळ्या मुलखांतल्या बियाण्याची तुलना करणारे प्लॉट देशभर आखले गेले. पुढे १९७०च्या दशकात डेन्मार्कच्या वनबियाणे केंद्राने भारत, थायलंड, लाओस, इंडोनेशिया इथल्या सागाचं बी अनेक उष्ण देशांत शेजारी शेजारी लावून पाहिलं. १९८६ साली निष्कर्ष आले. वाढीचा वेग, खोडाचा सरळपणा, फुलायला लागण्याचं वय, सगळं उगमानुसार बदलत होतं. आपल्या ओलसर पश्चिम किनाऱ्याकडचा साग ओलसर जागी चांगला आला आणि भारताच्या कोरड्या अंतर्भागातला तिथे मागे पडला. म्हणजे हा मुद्दा आपल्याच वनखात्याच्या कपाटात नव्वद वर्षं पडून आहे आणि आपल्या रानातल्या मुख्य झाडावरच तपासला गेला आहे.

थोडं वाचलेल्या लोकांकडून आणखी एक हरकत येते. परागकण वाऱ्याने, माश्यांनी दूरवर जातात, सगळं मिसळत राहतं, आणि डीएनए तपासला तर दोन ठिकाणची झाडं जवळजवळ सारखीच निघतात, मग फरक उरला कुठे? ही हरकत गंभीर आहे. तिचं उत्तरही सूचिपर्णी झाडांनीच दिलेलं आहे. पाइनचे परागकण वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातात. त्यांच्या डीएनएचे सरसकट तुकडे तपासले तर उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या झाडांत फरक फार थोडा सापडतो. पण तीच झाडं एका बागेत शेजारी शेजारी लावली की उत्तरेकडची ऑगस्टमध्येच वाढ थांबवून कळी मिटतात आणि दक्षिणेकडची शरद ऋतूपर्यंत वाढत राहून पहिल्या हिमात सापडतात. ज्या गुणांवर जगणं-मरणं अवलंबून असतं त्या गुणांवर निसर्गाची निवड इतकी कठोर असते की मिसळणाऱ्या परागाला ती पुरून उरते. सरसकट डीएनए सारखा आहे एवढ्यावरून दोन झाडं सारखी वागतील असं मानणं चूक आहे.

परागाच्या या मुद्द्याला पनवेलच्या दृष्टीने दुसरी बाजूही आहे आणि मला तीच जास्त अस्वस्थ करते. लांदच्या लागवडी मेल्या तर तिथे पुन्हा लागवड करता आली. आपल्याकडे लागवडीला लागून नैसर्गिक रान उभं आहे. कर्नाळा, प्रबळगड, माथेरानचे उतार, तिथला साग, ऐन, किंजळ, हेद, कळंब, शिवण. त्यांच्या पायथ्याशी आपण हजारोंनी परक्या बियाण्याची झाडं लावली की पंधरा-वीस वर्षांत ती फुलतील, माश्या त्यांचा पराग रानात नेतील, आणि रानातल्या झाडांच्या बियांमध्ये तो अंश शिरेल. तो परत काढता येत नाही. ज्या रानातून उद्या शुद्ध स्थानिक बी घ्यायचं तेच रान आपण आज लागवडीच्या उत्साहात बिघडवत आहोत.

आता हवामानबदलाच्या युक्तिवादाकडे येतो, कारण विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा तोच आहे. स्थानिक झाड हे कालच्या हवामानाला घडलेलं आहे, उद्याच्या नव्हे, हे ते म्हणतात आणि ते खरं आहे. स्थानिक बी हा कायमचा तोडगा आहे असं मीही म्हणत नाही. पण ‘मग कुठलंही गरम प्रदेशातलं बी आणा’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने बियाणं मुद्दाम सरकवण्याचं धोरण खरोखर स्वीकारलं आहे. ते कसं स्वीकारलं ते पाहा. लॉजपोल पाइनचं १४० ठिकाणचं बी त्यांनी १९७४ साली ६० जागी लावलं. झाडं कित्येक वर्षं मोजली. कुठलं बी कुठल्या हवामानात किती वाढतं, किती मरतं, याचा तक्ता तयार झाला. त्या आधारावर २०१८ साली हवामानावर आधारलेले नियम आले आणि त्या नियमांतही बी किती दूर न्यायचं याला मर्यादा आहे. प्रत्येक बियाण्याच्या पोत्याचा उगम नोंदवलेला असतो. त्या नोंदीवाचून ही सगळी पद्धत उभीच राहिली नसती. उगमाचा पत्ताच नसलेलं रोप आणून त्याला हवामानबदलाची तयारी म्हणणं आणि ब्रिटिश कोलंबियाचं धोरण, यांत काडीचं साम्य नाही.

शिवाय कोकणाचा उद्या म्हणजे फक्त आजच्यापेक्षा दोन अंश जास्त ऊन नाही. कमी दिवसांत जास्त पाऊस, मध्येच लांब खंड, आणि मग पुन्हा धो-धो, असं चित्र आपण आताच अनुभवतो आहोत. नगर-सोलापूरकडचं बी उन्हाला काटक असेल, पण चार महिने चिंब मुळं त्याने कधी पाहिली? बी सरकवायचंच असेल तर पालघर, डहाणू, डांग, दक्षिण गुजरात या पट्ट्यातलं, म्हणजे पाऊस याच मोसमी वाऱ्याचा पण थोडा कमी आणि ऊन थोडं जास्त, असं काही प्रमाणात आणावं, स्थानिक बियाण्यात मिसळावं, वेगळ्या ओळीत लावून मोजावं. हा प्रयोग मला मान्य आहे. नव्हे, तो व्हायलाच हवा. माझा विरोध न मोजता, न लिहिता केलेल्या सरमिसळीला आहे.

आता व्यवहाराकडे. पनवेल हे झपाट्याने कापलं जाणारं गाव आहे. उलव्याची टेकडी सपाट झाली, विमानतळ उभा राहिला. महामार्ग रुंद झाले. खारघर-तळोज्यापासून पळस्पे-आपट्यापर्यंत टॉवर उभे राहत आहेत. प्रत्येक तोडीमागे भरपाईची लागवड ठरलेली. महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली: तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची आणि ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत. हेतू चांगला होता, पण परिणाम पाहा. सहा-आठ फुटी रोप हजारोंनी, एका हप्त्यात, कोण देऊ शकतं? इथली लहान रोपवाटिका नाही देऊ शकत. ते येतं ट्रकने, पुष्कळदा थेट आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून. कडियमच्या शेतकऱ्यांचा यात काही दोष नाही. गोदावरीच्या काठी त्यांनी मेहनतीने मोठा धंदा उभारला आहे आणि ते मागणीप्रमाणे माल देतात. पण तिथे वाढलेल्या करंजाचं बी कुठलं? आंध्रातलं, ओडिशातलं, की आणखी तिसरीकडचं? विकणाऱ्याला माहीत नसतं, कारण घेणाऱ्याने विचारलेलं नसतं. कायद्याने उंची विचारली, उगम विचारला नाही.

अशा रोपाची पिशवी एकदा ब्लेडने उभी चिरून बघा. मी बघितली आहे. वर सात फुटांचं डौलदार झाड आणि खाली पिशवीच्या तळाशी मुळांची चकली झालेली. मुख्य मूळ दोन-तीन वेढे घेऊन वळलेलं. भोवती तांबडी, भुसभुशीत, शेणखत घातलेली माती. हे रोप आमच्या मुरमाड खड्ड्यात लावलं की पहिली दोन वर्षं ते त्याच तांबड्या गोळ्यात जगतं. त्याउलट आमच्याच रानातल्या बियाण्याचं दीड-दोन फुटांचं रोप पावसाच्या तोंडावर लावलं तर त्याचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि पुढच्या मेपर्यंत कातळाच्या फटीत पोचतं. वनखातं साग लावतं तेव्हा सहा फुटी रोप लावत नाही. बोटाएवढी जाड सागजडी लावतं, म्हणजे वरचा शेंडा आणि खालची तंतुमुळं छाटलेलं खोडमूळ, आणि त्यातून रानं उभी राहिली आहेत. उंचीचा हट्ट फोटोसाठी बरा. रानाला तो मानवत नाही.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सांगायला हवेत. ‘स्थानिक’ म्हणजे जवळचं कुठलंही झाड नव्हे. कार्यालयाच्या आवारातल्या एका मोठ्या ताम्हणाखाली झाडून गोळा केलेलं बी जवळचं आहे, पण ते ताम्हण स्वतः कुठून आलं? आणि एकाच झाडाचं बी म्हणजे सगळी रोपं सख्खी किंवा सावत्र भावंडं. ती पुढे आपसांत फुलली-फळली की पिढी दुबळी होत जाते. बी घ्यायचं तर नैसर्गिक रानातल्या, एकमेकांपासून शे-शंभर मीटर लांब असलेल्या पंचवीस-तीस झाडांचं घ्यावं आणि मिसळावं, हा जगभरातल्या वनबियाणे केंद्रांचा साधा नियम आहे. आपल्याकडच्या युकॅलिप्टसच्या लागवडींचं मोठं दुखणं हेच होतं की त्यांचं मूळ नंदी डोंगरावरच्या मोजक्या झाडांत होतं.

राहिला खर्चाचा आणि वेळेचा प्रश्न. ‘एवढी चैन आपल्याला परवडत नाही,’ असं सांगितलं जातं. महाराष्ट्राने २०१६ साली दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली. नंतर किती जगली यावर विधिमंडळात वाद झाला, समिती नेमली गेली. त्या सगळ्या वादात आकडा होता, टक्केवारी होती, खर्च होता. बी कुठलं होतं हा प्रश्न कुणी धसास लावला नाही. शेतीच्या बियाण्याला १९६६ पासून कायदा आहे, पिशवीवर लेबल लागतं. वनझाडांचं बी त्या कायद्यात धरलेलंच नाही. युरोपीय संघात १९९९ च्या निर्देशानुसार लागवडीच्या प्रमुख वनवृक्षांचं बी किंवा रोप विकताना त्याचा उगम-प्रदेश कागदावर द्यावाच लागतो. अमेरिकेतल्या ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांसाठी बियाण्याच्या पट्ट्यांचे नकाशे १९६६ सालीच छापले गेले. नोंद ठेवायला काय लागतं? एक वही, बियाण्याच्या पोत्यावर एक चिठ्ठी, रोपवाटिकेच्या वाफ्यावर एक पाटी. गाव, डोंगर, तारीख, किती झाडांचं बी. एवढ्याने कुणाचं अंदाजपत्रक कोसळत नाही. खड्डे खणण्याच्या आणि ट्रकच्या भाड्याच्या खर्चापुढे बी गोळा करण्याचा खर्च फारच थोडा आहे.

आणि तो खर्च ज्यांच्या हातात जाईल ते हात इथेच आहेत. पनवेल, खालापूर, कर्जतच्या डोंगरपायथ्याच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या बायकांना कुठला ऐन कधी फळतो, शिवणीची फळं कुठल्या ओढ्याला आधी पडतात, जांभळाचं बी किती दिवस टिकतं, हे पाठ आहे. जांभळाचं बी वाळलं की मेलं. ते पडल्या पडल्या पेरावं लागतं, आणि म्हणूनच ते दूरच्या बाजारातून येऊ शकत नाही, जवळच गोळा करावं लागतं. याच वाड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि जूनच्या तोंडावर परततात. साग, बेहडा, खैर, ताम्हण यांचं बी हिवाळ्यात. ऐन, किंजळ, करंज यांचं फेब्रुवारी ते मे. शिवण उन्हाळ्यात, जांभूळ पावसाच्या तोंडावर. म्हणजे ज्या महिन्यांत गावात काम नसतं म्हणून ते स्थलांतर करतात, बरोबर त्याच महिन्यांत हे काम आहे. वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क २००६ सालीच मान्य केला आहे. अभयारण्याच्या आतलं बी परवानगीशिवाय उचलता येत नाही आणि येऊही नये. पण कर्नाळ्याबाहेरची राखीव रानं आणि गावोगावच्या देवराया यांत मातृवृक्ष निवडायला अडचण नाही.

पनवेल महानगरपालिकेला, सिडकोला आणि वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाला माझी मागणी स्पष्ट आहे. लागवडीच्या निविदेत उंचीच्या अटीशेजारी उगमाची अट घाला. खाडीकाठ, सपाटी आणि डोंगरउतार असे तीन पट्टे ठरवा आणि ज्या पट्ट्यात लागवड त्याच पट्ट्यातलं बी मुख्यतः वापरा. बाहेरचं बी आणायचं तर ते कुठलं हे लिहा, वेगळ्या ओळीत लावा आणि वीस वर्षं मोजा. डोंगरउतारावर सहा फुटी रोपाची अट काढा. उगम न सांगणाऱ्या पुरवठादाराचं बिल मंजूर करू नका. वृक्ष प्राधिकरणाच्या हरकती-सूचनांच्या वेळी वाचकांनीही हीच मागणी लेखी द्यावी. एका माणसाच्या पत्राला पोच मिळते, शंभर पत्रांना उत्तर द्यावं लागतं. आणि हे सगळं मे महिन्यात बोलून उपयोग नाही. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात लावायच्या रोपांचं बी या डिसेंबरपासून गोळा करावं लागतं, त्यामुळे निविदा दिवाळीच्या आत निघायला हवी.